मोठ्या गणपतीपासून डावीकडे

हसणार नसाल तर सांगते. मी सांगलीची, एकटीच सायकलवरून कोकण बघत होते, आणि पेणजवळच्या जोहे गावात मोबाईल बंद पडला. अंधार व्हायच्या आत रोह्याला मैत्रिणीकडे पोचायचं होतं. एका काकांना रस्ता विचारला.

"वळणावर मोठा गणपती हाय ना, तिथनं डावीकडं."

जोह्यात घरोघरी गणपतीचे कारखाने! दिसेल त्या मोठ्या गणपतीपासून मी डावीकडे वळले आणि फिरून फिरून त्याच गल्लीत आले. डोळे न रंगवलेल्या मूर्तींकडे तर बघायचंच टाळलं. शेवटी रंगकाम करणाऱ्या एका मावशींना रडवेल्या आवाजात विचारलं, "वळणावरचा मोठा गणपती कुठाय हो?"

"त्यो? त्यो आत्ताच टेम्पोत बसून गेला गो. तुला कुठं जायचंय?"

"रोह्याला."

"मग रडतेस कशाला? त्यो पन रोह्यालाच गेलाय. जा त्याच्या मागं!"

खड्ड्यांमुळे टेम्पो इतका जपून चालला होता, की पेणच्या अलीकडेच सापडला. मग मी त्याची पाठ सोडली नाही.

रोह्यात टेम्पो मांडवापाशी थांबला तेव्हा जेमतेम उजेड होता. मी मैत्रिणीचा पत्ता विचारणार, तेवढ्यात एका आजींनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तांब्यातलं गार पाणी थेट पायांवर ओतलं. मी किंचाळलेच.

"आजी, मी गणपतीबरोबर नाही आले हो! मी रस्ता चुकलेय!"

"तरीच एवढा उशीर झाला! चल, धर आता एका बाजूनं."