खिडकी उघडी आहे ती वाऱ्यासाठी

हॅलो?… हो ताई, मीच… नाही, घरी कुठली, हॉटेलातच आहे अजून, कपडे बदलायच्या खोलीत… तुला कुणी सांगितलं? मॅनेजरनं? तुला फोन केला त्यानं? कमाल झाली!

विचका? मी केला विचका? अगं ऐक ना… हो, हो, त्या जोडप्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता, माहितीय मला. नवरोबांची फर्माईश, 'आमचं गाणं' गा म्हणे, धडाक्यात, लोकांना नाचायचंय… अगं तेच, जॅझमधलं ते जुनं. 'खिडकी उघडी आहे ती वाऱ्यासाठी, तुझ्यासाठी नाही'… प्रेमाचं? डोंबलाचं प्रेमाचं! गाण्यातला तो टाकून गेलाय तिला! धडधडीत खोटं बोलतेय ती. वाट बघतेय त्याची. आणि त्यावर ठुमके मारायचे?

गायले ना… पहिलं कडवं त्यांच्या मनासारखं, दात काढून. माझी मलाच लाज वाटली. मग पियानोवाल्या काकांकडे नुसतं पाहिलं, त्यांनी लय निम्म्यावर आणली. ड्रमवाल्यानं काठ्या ठेवून ब्रश घेतले… अगं, दात घासायचे नव्हेत! तारांचे असतात, हलके फिरवायचे.

'वाऱ्यासाठी' म्हटलं… आणि थांबले. पुढचा शब्द मुद्दाम उशिरा टाकला. सगळं गाणं तिथंच तर आहे! ओठांवर आलेलं गिळते ना ती. काटेचमचे वाजायचे थांबले, ताई… मग काय! नवरा ओरडला, 'ओ बाई, झोप येतेय!' आणि त्याची बायको सगळ्यांदेखत म्हणाली, 'बसा खाली. ऐकू द्या.'

हो ना!… आणि तेवढ्यात या शहाण्या मॅनेजरनं माइक बंद केला. ऐन गाण्यात! 'ऐकू द्या' म्हणणाऱ्या त्या बाई उठून बाहेर निघून गेल्या. वर मलाच म्हणतो, उद्यापासून येऊ नका.

माफी? मी का मागू?… जाऊ दे काम गेलं तर! इतकी वर्षं घासून बसवलेलं गाणं, आणि… थांब, दार वाजतंय.

या मॅनेजरसाहेब. आता काय राहिलं?… कोण, त्या बाईंचे मिस्टर? पुन्हा ऐकायचंय? संथ?… आणि बाई?… स्वतः जाऊन घेऊन आले? दोघं पियानोपाशी बसलेत?… मग मघाशी बंद कशाला केलात हो!… नको, तुमचा माइक राहू द्या. काकांना सांगा, आले.

ताई, ठेवते… नाही गं बाई, माफी-बिफी काही नाही! गायला चाललेय. पहिल्यापासून!