डोंगरावरचा भाजीचा टेम्पो

(तैवानच्या डोंगरातलं तयाल लोकांचं गाव. भाजीवाली शियू-लान टेम्पोची फळी पाडून उभी आहे. समोर पिताय आजी.)

पिताय : कोबी ठेव परत. अंडी दे, दोनच.

शियू-लान : दोन अंड्यांत आठवडा काढणार, आजी? गेल्या खेपेलाही दोनच नेलीत. खाता तरी काय?

पिताय : रताळी. परसात आहेत तोवर आहेत. तू भाव वाढवलास म्हणून बोलत नाहीये हं मी.

शियू-लान : मी कुठे वाढवला? डिझेल वाढलं. मग खत, गाडीभाडं, सगळंच त्याच्यामागे धावलं. मंडईतच कोबीला हात लावायची भीती वाटते.

पिताय : ठाऊक आहे. रेडिओ आहे माझ्याकडे.

शियू-लान : आजी, आज जास्तीची अंडी घ्या. पैसे राहू द्या.

पिताय : का गं? मरायला टेकलेय का मी?

शियू-लान : पुढच्या आठवड्यापासून माझं येणं नाही व्हायचं. दिवसभर विकून जे सुटतं, ते पंपावर ओतून येते. नवरा म्हणतो, घरी बसलीस तर निदान तोटा तरी नाही.

पिताय : आणि आम्ही? बस कधीच बंद झाली. शेजारच्या आमूईला तर गुडघ्यांमुळे उंबराही ओलांडवत नाही.

शियू-लान : म्हणून तर इतके दिवस तोंड उघडलं नाही माझं.

पिताय : रडू नकोस, बाई. खाऱ्या माशांवर पडतंय. आधीच खारट आहेत ते.

वातान (गावातला शेतकरी, पाठीवर ओझं घेऊन येत) : काय मावशी, भाजीवालीला रडवलंत होय?

पिताय : तिचं येणं बंद होतंय, वातान. तुझ्या पाठीवर काय ते?

वातान : बांबूचे कोंब. डुकरांना घालायला निघालोय.

शियू-लान : डुकरांना? अहो दादा, आजच काढलेले दिसतात!

वातान : मग करू काय? मोटारसायकलवरून खाली न्यावेत, तर कमाई पेट्रोलच पिऊन टाकतं. व्यापारी वर यायचा, तोही येईनासा झाला.

शियू-लान : बघू. किती कोवळे आहेत! आणखी आहेत?

वातान : घरी पोती भरून पडलेत. शेजारच्या यूमिनकडेही तीच गत.

पिताय : काय गं, जाताना तू गाडीतून काय नेतेस?

शियू-लान : काय नेणार? रिकामे क्रेट.

पिताय : म्हणजे डिझेल जाळून वारा खाली नेतेस.

शियू-लान : थांबा. जरा गप्प बसा दोघं. हॅलो, बाओ-चू ताई? मी शियू-लान. तुमच्या खानावळीला बांबूचे कोंब लागतात ना? आजचेच आहेत. सगळे? आणि पुढच्या आठवड्याला? बरं, बरं. दुपारपर्यंत पोचते.

वातान : काय म्हणाली?

शियू-लान : सगळे घेते. दर आठवड्याला घेते! कोंबांचे पैसे तुमचे, मला फक्त गाडीभाडं द्या. त्यात माझं डिझेल निघेल.

पिताय : मग येशील?

शियू-लान : येईन, आजी. फक्त दारोदार गाडी फिरवणं नाही जमायचं.

पिताय : चर्चच्या अंगणात थांब. पाय आहेत आम्हाला.

वातान : आमूईचं सामान मी पोचवीन.

पिताय : हुश्श! गेल्या खेपेलाच तुझा चेहरा उतरलेला दिसला होता. तेव्हाच ओळखलं होतं मी.

शियू-लान : आणि विचारलं नाहीत?

पिताय : विचारलं असतं, तर तू सांगून टाकलं असतंस. वातान, उभा काय राहिलास? पोती आण, यूमिनलाही हाक मार.

वातान : आलोच!

शियू-लान : सावकाश, दादा, पाय घसरेल! आजी, हसताय काय?

पिताय : काही नाही. वळणांवर जपून ने गं. आज गाडी भरलेली आहे.