आधी तारीख घाल

नाही, डिस्कची वायर त्या निळ्या भोकात नको लावूस. ते निळं मागाहून बसवलंय, मशीन एकदा उठलं की चालतं, पण उठतानाच मशीनला ते दिसत नाही—मागे हात घाल, काळी दोन आहेत, त्यातलं वरचं. हं. आणि वायरीला दुसरी शेंडी आहे ना, तीही लाव, खालच्यात. ती नुसती वीज ओढते. या डिस्कला एका भोकाची वीज पुरत नाही, आणि आज तर सोलरच्या बॅटऱ्या अर्धमेल्या आहेत, चार दिवस ढग. मंगळवारी हे तळ्यावरचं केंद्र मुकं झालं ते त्यानेच. दुसरं काय असणार? दुसरं काही नाही.

थांब, डिस्क दे इकडे. बर्फ झालीय. अशी गार डिस्क फिरवायची नसते, आत काटा अडकतो—कोटाच्या आत छातीशी धरायची दहा मिनिटं. तू विद्यापीठातून शिकून आलीस, तुला हे हसण्यासारखं वाटेल. पण मशीनची आतली डिस्क पहिल्याच हिवाळ्यात मेली, तेव्हापासून सगळं या बाहेरच्या डिस्कवर चालतं, बिशकेकहून एक पोरगा आला होता त्याने अख्खी सिस्टीम हिच्यावर भरून दिली, नमद्याची, जाड लोकरीची पिशवी शिवून घ्या म्हणाला—पिशवी माझ्या बायकोने शिवली. नऊ वर्षं झाली. आणि मला आगाय म्हणू नकोस, आयझिरेक, मी कुणाचा मास्तर नाही. तुर्दुबेक म्हण. उद्यापासून केंद्र तुझं, मी पेन्शनीत.

लाव आता. बटण दाब. आवाज ऐक—कट-कट नाही ना? घरघर आहे? मग बरी आहे. आणि पडदा काय म्हणतो? बूट होण्याजोगं काही सापडलं नाही. म्हणणारच. घाबरायचं नाही, डिस्कला फिरायला वेळ लागतो आणि मशीनला तेवढा धीर नसतो, ते एकदा बघतं आणि हात वर करतं. दहापर्यंत मोज, मग तीन बटणं एकदम दाबून पुन्हा उठव—वीज तोडायची नाही, तोडलीस तर डिस्क परत थांबते आणि परत तेच. आता एफ-बारा. दाबत राहा. आली यादी? दुसऱ्या ओळीत आहे आपली डिस्क. नाही, अजून एंटर नको. आधी बाहेर ये, सेटिंगमध्ये जा, तारीख बघ.

काय आहे? पहिली जानेवारी, दोन हजार पाच. बघ. आतला बटणासारखा सेल मेलेला आहे, वीज गेली की याला सगळ्याचा विसर पडतो, तारीखही आणि कुठून उठायचं तेही. आधी तारीख घाल. कुठून उठायचं तो क्रम नंतर लाव, क्रम चुकला तर मशीन उठणार नाही, बस्स, तुला कळेल तरी. तारीख चुकली तर ते छान उठतं. सगळं दिसतं, रेषा दिसते, आकडे येतात, आणि—लिही हे वहीत. आधी तारीख. दोनदा खूण कर खाली. नवीन सेल? मागितलाय. कागद बिशकेकला आहे. मी स्वतः का नाही आणला? बाजारात मिळतो, हो. आणला होता मी एकदा, दोन आणले. मग बसवला नाही. दर वेळी हाताने घालायची तारीख असं ठरवलं मी, पाच वर्षांपूर्वी. असू दे. तू बसव.

सेव्ह कर, उठव. बघ, उठलं. आता बाहेरचं यंत्र तळ्यातल्या पाणी मोजणाऱ्या तारेचे आकडे पाठवेल—त्याला स्वतःचा सेल आहे, केंद्र बंद असलं तरी ते साठवत राहतं—तीन दिवसांचे आहेत, हळूहळू येतील, ती हिरवी पट्टी भरेस्तोवर दहा मिनिटं धर. चहा करू? धुकं नसतं तर खिडकीतून तळंच दाखवलं असतं तुला, इथून दोनशे पावलांवर आहे, हिमनदीच्या तोंडाशी, पुढे नुसता दगडगोट्यांचा बांध, आणि त्या गोट्यांच्या पोटात बर्फ. बर्फ वितळला की बांध बसतो. खाली गाव चाळीस मिनिटांवर. माणसाला पाच तास लागतात, पाण्याला चाळीस मिनिटं.

तिथे क्लिक नको करूस. जुन्या फायली आहेत, काही कामाच्या नाहीत. कुठली? जानेवारी दोन हजार पाच. हो, केंद्र अकरा साली बांधलं, तुझं बरोबर आहे, पाच साली इथे तंबूसुद्धा नव्हता. मशीनची चूक असेल. मशीन काय, काहीही—

नको उघडूस म्हटलं ना.

उघडलीस. बरं. बघ मग. वरून तिसऱ्या ओळीपासून कसं चढत गेलंय बघ. जानेवारीत तळं चढतं का? दगडासारखं गोठलेलं असतं. जुलै होता तो. रात्री वीज पडून सगळं बंद पडलेलं, सकाळी मी मशीन उठवायला बसलो, आणि बाहेर गावातला ओमुरकुल दोन घोडी घेऊन उभा—खाली त्याच्या पुतण्याचं लग्न, मेंढरं कापून झाली, चल लवकर, तुझ्यावाचून कोण गाणार. क्रम लावला मी, त्याशिवाय उठतच नव्हतं. तारीख बघितली. नाही, विसरलो नव्हतो. कुणी विचारलं असतं तर विसरलो असंच म्हणालो असतो, पण मी बघितली, पाच साल, जानेवारी, आणि म्हटलं, उद्या घालू. हिवाळ्यात बर्फ तारेला ढकलतो, खोटे इशारे येतात, म्हणून बिशकेकच्या त्या पोराने अशी सोय केलेली की नोव्हेंबर ते एप्रिल गावातला धोक्याचा भोंगा वाजायचा नाही. माहीत होतं मला. मीच सांगितलं होतं त्याला तसं करायला, एका हिवाळ्यात भोंग्याने गावाला चारदा बर्फात पळवलं होतं.

तर मशीनला वाटलं हिवाळा आहे. पाणी चढताना बघत बसलं आणि गप्प राहिलं.

मी मांडवात होतो, वरच्या अंगाला. पाणी खालच्या अंगाने गेलं. तीन माणसं गेली—बुरुलचा नावाची बाई, तिची मुलगी, आणि तिचा सासरा मामिरकान, त्याला चालता येत नव्हतं. ही बुरुलचा उन्हाळ्यात मला रोट्या आणून द्यायची इथवर, घोड्यावरून, पोरगी पुढ्यात बसलेली. ती एकदा सांगत होती, रात्री नदीचा आवाज मोठा येतो, झोप लागत नाही. मी म्हटलं, भोंगा वाजला नाही ना, मग खुशाल झोप. तिचा नवरा जिर्गाल, तो गवत कापायला पलीकडे होता म्हणून वाचला, त्याने मेलेल्यांच्या चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला मला सांगितलं—शेजारीण ओरडत आली होती म्हणे, पाणी गढूळ झालंय, चल वर, आणि बुरुलचा म्हणाली, भोंगा कुठे वाजलाय, वाजला की निघते, म्हाताऱ्याला दोनदा कशाला उचलायचं.

त्याच संध्याकाळी मी वर आलो. लोक चिखल उपसत होते आणि मी वर आलो, घोडं अर्ध्यात बसलं तर पायी, आणि तारीख घातली. नीट, मिनिटासकट. आठवड्याने चौकशीची माणसं आली, त्यांना म्हटलं, तळं शांत होतं, एकदम फुटलं, तार तुटली असेल. त्यांनी लिहून घेतलं. चहा प्यायले. ही फाईल पुसायची होती. दर हिवाळ्यात म्हणतो पुसू, उघडतो, बघतो, बंद करतो. आणि जिर्गाल दर उन्हाळ्यात मला कुमुसची कातडी पिशवी पाठवतो, घोडीच्या पहिल्या दुधाची, आंबवलेली. त्याला वाटतं मी त्याच्या घरच्यांसाठी रडतो.

तेही लिहितेयस? लिही. नाही, फाडू नकोस, लिही.

पट्टी भरली बघ. चहा राहू दे. सरक जरा, रेषा बघू—मंगळवार, बुधवार, सपाट. मग ही… हे आकडे काय आहेत? वाच तू, माझा चष्मा धुरकट झालाय. काल दुपारी तीनला? आणि आत्ता? परत वाच. लाल रेषेच्या वर किती? तारीख बघ कोपऱ्यात, आजचीच आहे ना, तू घातलीस तीच? मग खरं आहे.

फोन त्या कपाटावर आहे, अँटेना ओढून बाहेर जा, आत लागत नाही, धुक्यातही लागतो, उघड्यावर उभी राहा. नाही, भोंगा नाही आता. भोंग्याचा खांबही तेव्हा वाहून गेला, नवा मंजूर आहे, पाच वर्षं मंजूरच आहे. आधी गावाला लाव. पहिला नंबर जिर्गालचा. तो उचलेल, दुपारचा घरी असतो. त्याला म्हण, सगळ्यांना घेऊन शाळेच्या वरच्या कुरणावर, सामान काही नाही, म्हाताऱ्यांना आधी, आत्ता. एवढंच बोल आणि त्याच्याकडून परत वदवून घे. मग बिशकेकच्या ऑफिसला लाव. आकडे सांग, आणि मग ती फाईलही सांग, माझं नाव पूर्ण सांग.

मी नाही बोलणार. अगं, मी बोललो तर तो आधी माझी तब्येत विचारत बसेल.

जा बाहेर. जा.