रेश्माचा रीटेक

शिकवलेलं पोरी कुठं वापरतील, काही नेम नाही बघा. कोल्हापुरात मी वस्तीतल्या पोरींना फिल्म बनवायला शिकवायचे. मनासारखा येईपर्यंत शॉट सोडायचा नाही, हे रोजचं तुणतुणं.

एकदा नगरसेवक वस्तीत नळाचं उद्घाटन करायला आले. साहेब आहेत तोवरच पाणी येणार, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. कॅमेरा आमच्या रेश्माकडे. साहेबांनी नळ सोडला, खालची घागर भरली, टाळ्या झाल्या.

"सायेब, डोळं मिटलं तुमचं. परत एकदा!"

साहेब खूश. परत नळ, खाली दुसरी घागर.

"आता टोपी वाकडी झालीया."

परत नळ. मग "हसा की जरा!" मग "एवढं नगं, सगळं दात दिसत्यात!" वस्तीतली पिंपं, बादल्या, पातेली काठोकाठ भरली, तेव्हा कुठं रेश्मा "ओके" म्हणाली. घामाघूम साहेब गेले आणि त्यांच्या मागोमाग पाणीही गेलं.

मी धावतच गेले. "दाखव गं, कसं आलंय शूटिंग?"

"कसलं शूटिंग, मॅडम? कॅसेट तुमच्या पर्समधीच हाय की!"