घासलेला घोडा

काका : शी! हा घोडा आहे की झिजलेला साबण?

मुलगी : काका, आधी नीट बघा तरी.

काका : एक नाही, आठ बघितले. रबराचा साचा गरगर फिरवून धातू आत सोडला, आणि आठच्या आठ असे बुळबुळीत बाहेर पडले. हातात धरवत नाहीत. आयाळ कुठे गेली?

मुलगी : ही काय.

काका : ही? ही तर वळकटी! तुझ्या बापाने मेणात एकेक केस कोरला होता. चाळीस वर्षं त्याच्या नमुन्यांवरून साचे काढतोय मी. ते नमुने पितळेचे असायचे. साच्याच्या रबरात दाबून तापत्या प्रेसमध्ये घातले, तरी ओरखडा नाही.

मुलगी : आता पितळ कोरण्याइतका बाबांचा हात स्थिर राहतो का? म्हणून मेण. मेण तुमच्या प्रेसमध्ये टिकत नाही, म्हणून त्याचं स्कॅन करून थ्रीडी प्रिंटरवर उष्णता सोसणाऱ्या रेझिनमध्ये घोडा छापून आणला. तुमच्यासमोरच ठरलं होतं.

काका : छापायचं ठरलं होतं. या बोडक्या मानेचं नाही.

मुलगी : छपाईच्या थरांच्या रेघा होत्या अंगभर. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. तुम्हीच म्हणाला असतात, काय घाण आणलीस. म्हणून पॉलिश पेपरने घासला. दोन दिवस.

काका : दोन दिवस! रेघांबरोबर बापाचं कामही पुसलंस. किळस येते बघून. जा, तो मेणाचा घोडा आण.

मुलगी : तो नाहीये.

काका : नाहीये म्हणजे?

मुलगी : सांगणार नव्हते. स्कॅन करून परत आणला, तेव्हा तुम्ही तो प्रेसच्या झाकणावर ठेवलात. मग प्रेस सुरू केलात. मी पुन्हा आले तेव्हा तिथे पिवळं थारोळं होतं. मीच खरवडलं.

(काका एक घोडा उचलतो, परत ठेवतो.)

काका : मला वाटलं, तुझ्याकडे आहे. पंधरा दिवस गप्प बसलीस?

मुलगी : तुम्ही स्वतःला जे बोलला असतात, ते माझ्याच्याने ऐकवलं नसतं.

काका : थू माझ्या चाळीस वर्षांवर! त्याला माहीत आहे?

मुलगी : नाही. बाबा उद्या घोडा बघायला येतायत. हा माझा शेवटचा नमुना, म्हणतात.

काका : हे आठही आत्ता वितळव. त्याच्या नजरेस पडायला नकोत. स्कॅन आहे ना?

मुलगी : आहे. उद्या सकाळी पुन्हा छापून मिळेल. पण रेघा येणारच.

काका : येऊ देत. हात लावू नकोस. त्यातल्या मशीनच्या कुठल्या आणि बापाच्या कुठल्या, सांगता येईल तुला?

मुलगी : नाही. तुम्हाला?

काका : सगळ्या नाही. त्याला म्हणावं, भिंग घेऊन ये. तो दाखवेल तेवढ्याच रेघा मी घासून काढेन.

मुलगी : आणि मेणाचं?

काका : ते मी सांगतो. तू तेवढा वेळ बाहेर थांब.