बुजवलेली हीर

मी शालन. माण तालुक्यातली, धनगराची. बापामागं मेंढरं वळत वाढले, साळा न्हाईच. बाप चालता चालता गोष्टी सांगायचा, आन लांडगा जवळ आला की आवाज आसा बारीक करायचा की आमी पोरं जागच्या जागी हुबी. गावाकडं छोटं रेडिओ केंद्र सुरू झालं तवा तिथल्या ताई म्हणल्या, शालनबाई, तुमी सांगा गोष्टी. काय सांगू तुमाला, रेडिओत तोंड दिसत न्हाई, हात दिसत न्हाईत, समदं आवाजावर. मी आपली एकाच बाईशी बोलते, ती भाकरी थापतीया आसं धरून, आन जिथं तिचा हात थांबंल तिथं मी बी थांबते.

औंदा एक गोष्ट रचली. मनानंच, व्हय. एक सून हुती, सासरचे म्हणायचे ती ममईला पळून गेली, आन लगोलग त्यांनी रानातली पाण्याची हीर बुजवली. मी माइकात म्हणलं, बायांनो, ह्या दुष्काळी मुलखात हीर कोण बुजवतं? आन थांबले. बाकीची फुडल्या मंगळवारी.

दुसऱ्या दिशी शेजारच्या गावचा एक म्हातारा आला. म्हणला, बाई, माझी पोर कुटं हाय? आवं बाबा, ती नुसती गोष्ट हाय. न्हाई, म्हणला, माझी सखू बी ममईला गेली म्हणत्यात, आन तिच्या सासऱ्यानं बी हीर बुजवली.

मग सखूचा दीर घरी आला. लय आदबीनं बोलला. आक्का, ही गोष्ट कुणी सांगितली? म्हणलं, माझ्या डोक्यातली हाय. मग शेवट बी डोक्यानंच करा, म्हणला, सून ममईत सुखात हाय आसा. आन जाता जाता माझ्या लेकीला नाव इचारलं.

मालक म्हणले, नगं जाऊ. मंगळवारी गेलेच. सून सुखात हाय म्हणाया तोंड उघाडलं, आन म्हातारा डोळ्याम्होरं आला. म्हणलं, बायांनो, ह्या गोष्टीचा शेवट माझ्याकडं न्हाई. सुनेचा बाप जित्ता हाय. कुणी काय बगितलं आसंल तर त्याला जाऊन सांगा.

गेल्या की वो बाया! सखूच्या सासरची एक शेजारीण गेली, बगितलेलं सांगितलं, तिच्या मागनं दुसरी. बाप त्यास्नी घिऊन फौजदाराकडं गेला. मशीन लावून हीर उकरली. निघाली पोर. हातात हिरव्या बांगड्या तशाच.

सासरा आत हाय, दीर जामिनावर सुटलाय. बाजारात दिसतो, हसून रामराम घालतो. रेडिओ न्हाई सोडला मी. पर आता काय बी मनानं जोडाया बसले की वाटतं, हे बी कुणाच्या घरात घडून गेलं आसंल. तुमच्या लेकीबाळी सुखात ऱ्हावू द्यात, दुसरं काय मागू.