दोरीतलं गवत

...आणि वर मलाच म्हणतात, "काकू, तुम्ही तिकडे गेलातच कशाला!" अहो, माझ्या ओट्यासमोरची खिडकी उघडली की समोर तेच दिसतं, डोळे काय फडताळात ठेवू? मी आपली फक्त बघत होते!

तुम्हाला सांगते, शेजारची पोरगी, अकरावीतली, इमारतीमागच्या पडीक जागेत चार खुंट्या ठोकून दोरी बांधत होती. एक मीटर बाय एक मीटर. म्हटलं, "काय गं, कुणाला पुरलंयस?" तर म्हणते, "जैवविविधता मोजतेय, काकू. आठ आठवडे, दर रविवारी." आणि मोजायचं काय? गवत! मुंग्या! गोगलगाय! सतरा प्रजाती निघाल्या म्हणे... कुत्रं आलं, मी हाकललं. तळमजल्यावरचे पेन्शनर तिथे स्कूटर लावायला लागले, मी वरूनच ओरडले, "उचला आधी, खाली विज्ञान आहे!" पण दोरीला हात? नाव नको. मी आपली फक्त बघत होते!

मग आठवा रविवार. तिच्या विज्ञानाच्या बाई स्वतः तपासायला येणार, पसंत पडलं तर पोरगी स्पर्धेला जाणार. आणि मी बघते तर काय, दोरीत हे एवढालं गवत, कुजका पाला, किडे वळवळतायत... अहो, कुणी यायचं म्हटलं की आपण घर आवरतो की नाही? घेतलं खुरपं! काडी न् काडी उपटली, दगडाखालचं झटकलं, झाडून पाणी शिंपडलं... असा लख्ख चौकोन!

पोरगी आली आणि मटकन खालीच बसली. रडली असती तर परवडलं असतं हो! "काकू... आजची मोजणी..." एवढंच. मी म्हटलं, "अगं, कचऱ्याच्या डब्यात आहे सगळं, परत लावू!" लावलंसुद्धा! गवत उभं राहीना, गोगलगाय तेवढी सापडली, पण मुंग्या काय हाक मारली की येतात?

तेवढ्यात बाई हजर. "हे कुणी केलं?" पोरीची मान खाली, माझं नाव काही घेईना. मी म्हटलं, "मी आपली फक्त..." आणि हातातलं खुरपंच पुढे केलं. "मी केलं, बाई."

बाईंनी चष्मा पुसला. "लिही गं तक्त्यात, मानवी हस्तक्षेप. आता काय काय परत उगवतं ते आणखी आठ आठवडे मोज. स्पर्धा पुढच्या वर्षी."

मानवी हस्तक्षेप! म्हणजे मी!

परवा पोरगी घरात आली, खिडकीपाशी माझी खुर्ची ठेवली, भोवती दोरी टाकली. "काकू, रविवारी याच्या बाहेर यायचं नाही." एक मीटर बाय एक मीटर. प्रजाती एक, संख्या एक... आणि आता, तुम्हाला सांगते, मी खरंच फक्त बघते.